आतून येणारं ‘मग?’

शशिकाका गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. पुस्तकवेड्यांच्या एका ग्रुपवर, ‘शुभ सकाळ’च्या गुलाबाखाली. पाठोपाठ श्रद्धांजल्यांची रांग लागली. ‘प्रकाशनविश्वातील एक देदीप्यमान पर्व...’ वगैरे वगैरे. मी वाचत होते, डोळे पुसत होते, आणि मध्येच मला हसू फुटलं. यातलं एकही वाक्य काकांनी पास केलं नसतं.

नारायण पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं प्रकाशन आणि तेच घर. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, पुस्तकांचे गठ्ठे, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक विटका पडदा. लेखक हस्तलिखित घेऊन आला की काका त्याला हातही लावत नसत. म्हणायचे, “आधी काय आहे ते एका वाक्यात सांगा.” त्याने सांगितलं, की तेच वाक्य, एक शब्द इकडचा तिकडे न करता, पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणायचे. आत सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी चिरत नाहीतर कणीक मळत असायच्या. आतून “बरं” आलं, की विषय संपला. चहा प्यायचा आणि निघायचं. “मग?” आलं, की काका हात पुढे करायचे, “आणा इकडे.” भल्याभल्यांना त्या स्वयंपाकघराने वाटेला लावलंय. एक प्राध्यापक एकदा माझ्यादेखत चिडले, “वहिनींना कादंबरीतलं काय कळतं हो?” काका शांतपणे म्हणाले, “काहीच कळत नाही असं धरून चाला. पण तिची आमटी उकळत असते. तुमचं वाक्य ऐकून तिला गॅस बंद करावासा वाटला पाहिजे.”

माझी सगळी नोकरी पुनर्वसन कार्यालयात गेली. धरणात गावं गेलेली माणसं रोज समोर. निवृत्तीनंतर वाघोलीच्या फ्लॅटमध्ये बसून मी त्यांच्यावर कादंबरी लिहिली. आयुष्यातली पहिली, आणि या वयात बहुधा शेवटचीच. ती छापून यावी आणि काकांनी छापावी, एवढी एकच हाव उरली होती. पहिल्यांदा गेले ती चांगली तयारी करून. घसा साफ करून म्हटलं, “सदर कादंबरी प्रकल्पग्रस्तांच्या विस्थापनाच्या अनुषंगाने ग्रामीण समाजजीवनातील स्थित्यंतरांचा वेध घेते.” काकांनी चष्मा काढला. “कांबळेबाई, ही कादंबरी आहे की शासन निर्णय? खाली सही कुणाची?” तरी रिवाजाप्रमाणे त्यांनी ते वाक्य आत पोचवलं. आतून ‘बरं’सुद्धा आलं नाही. मिक्सर सुरू झाला.

असा संताप आला म्हणून सांगू! पुन्हा ही पायरी चढायची नाही, असं ठरवून घरी आले आणि महिन्याभरात परत गेले. मग जातच राहिले. कधी संघर्ष घालून, कधी वेदना घालून, कधी दोन्ही काढून. दर वेळी “बरं”. पण काकांनी मला कधी ‘आता पुरे’ म्हटलं नाही. दुपारी त्यांचा फोन यायचा, “काय, वाक्य काय म्हणतंय?” घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसं विचारायचे. मला त्या फोनची सवय लागली होती. अजूनही जेवण झालं की फोन जवळ घेऊन बसते...

शेवटच्या भेटीत ते मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. बसचा पत्ता नव्हता, म्हणून मी आपली कार्यालयात येणाऱ्या एका बाईची हकिकत सांगत बसले. काकांनी मध्ये तोंड उघडलं नाही. बस आली तेव्हा एवढंच म्हणाले, “तुम्ही बसस्टॉपवर चांगलं बोलता हो. आमच्याकडे आलात की फाइल उघडता.” वाघोली येईपर्यंत ते माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि उतरता उतरता वाक्य सापडलं. फोनवर सांगण्यात काय अर्थ? ते पडद्याआड जायला हवं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. त्याआधीच तो गुलाब आला.

काही आठवड्यांनी काकूंना भेटायला गेले. टेबल तसंच, खुर्ची तशीच. काकू म्हणाल्या, “आता हे सगळं आवरायचं म्हणतेय. मी एकटी काय करणार?” मग विचारलं, “तुमचं वाक्य राहिलंच ना? हे जेवतानासुद्धा म्हणायचे, बाईंकडे आहे काहीतरी, निघत नाहीये.”

“सापडलं होतं... पण आता राहू द्या, काकू.”

“राहू द्या कसं? थांबा. असं समोर बसून मला नाही कळायचं.” त्या उठल्या, आत गेल्या. पडदा पडला. नळ वाजला, पातेलं गॅसवर चढलं. “हं. बोला.”

रिकाम्या खुर्चीशेजारी उभी राहून मी पडद्याकडे तोंड केलं. “धरणात घर गेलेली एक बाई, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दर वर्षी जाऊन आपला उंबरठा झाडून येते.” आत पाणी उकळत होतं. मग गॅस बंद केल्याचा खट् आवाज आला.

“मग?”

पडदा सरकला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या, एक हात काकांच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला आणि दुसरा माझ्यापुढे केला.

“आणा इकडे.”