पंचफुलाचा हात

भित्र्या माणसाचा मला राग येतो. भित्रा माणूस हुशारही असला तर दुप्पट येतो, कारण तिथे काहीतरी वाया जात असतं. पंचफुलाचा मला अठ्ठावीस वर्षांपासून राग येतोय.

देवळीच्या बसस्टँडकडून आमच्या वस्तीत वळलं की पिठाच्या चक्कीला लागून तिचं पार्लर आहे. बोर्डावर एका बाईचा चेहरा आणि खाली ‘लेडीज ब्युटी पार्लर’ एवढंच. कोणाचं, काही नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “पंचफुला हे का पार्लरचं नाव वाटते का मॅडम? आजीचं नाव आहे थे. लोकं हासतीन.”

“मग दुसरं टाक.”

“दुसरं टाकलं तर म्हणतीन, हिले सोताच्याच नावाची लाज वाटते.”

म्हणून नऊ वर्षं बिननावाचा बोर्ड. आता अशा माणसाशी कोणी काय बोलावं? मी कपाळावर हात मारून घेतला आणि घरी आले.

ती माझी विद्यार्थिनी. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला होते, म्हणजे शिकवायला. पहिल्या बाकावर दोन वेण्या घालून बसायची. गणित सगळ्यांच्या आधी सोडवायची आणि मी तपासायला जवळ गेले की थुंकी लावून पाटी पुसून टाकायची. सगळी पाटी ओली, आणि ही खाली मान घालून. मी ओरडायचे, “अवं, बरोबर होतं ना! पुसलं काऊन?” कितीदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले, की आता पुसू देणार नाही, आता पकडते. पण मी मागे उभी राहिले की तिचं उत्तरच चुकायचं. वर्षभर माझ्या नाकी नऊ आणले त्या पोरीने.

पुढे लग्न होऊन ती इथेच दोन गल्ल्या पलीकडे आली, वर्ध्याला जाऊन सहा महिने कोर्स करून आली आणि पार्लर टाकलं. हाताला काय सफाई! भुवईवर दोरा असा चालवते की ताण धरून बसलेल्या बाईला कळतही नाही. पण काम झालं की आरसा पुढे करते आणि विचारते, “बराबर झालं का?” गिऱ्हाईक म्हणतं, झालं. “नाई, या बाजूनं पाहा बरं.” पाहिलं. “खरंच बराबर झालं का?” पाच वेळा विचारल्यावर चांगल्या भुवईतही खोट दिसायला लागते माणसाला. मी तिला बजावलं होतं, असं विचारू नको, गिऱ्हाईक पळेल. “हाव मॅडम,” म्हणाली, आणि लगेच, “मी जास्त विचारतो का? तुमाले राग आला का?”

एकदा मी माझ्या जागृतीला घेऊन गेले होते. खुर्चीमागे उभी राहून बघत होते. दोरा तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. मी म्हटलं, “हात थरथरून राह्यला काऊन तुहा? सापाले हात लावून राह्यली का?” तेव्हापासून जागृती एकटीच जायला लागली. “आई, तू नको येऊ,” म्हणायची. हल्लीच्या पोरींना आईची लाज वाटते, असं मी समजले आणि सोडून दिलं.

या सगळ्यात भर पडली ती रुख्मिणीच्या लग्नाची. पाच वर्षं झाली. आमच्या वस्तीतल्या बबनरावांची रुख्मिणी, सावळी आणि नाकीडोळी नीटस पोरगी. तिला सजवायला फुलाला बोलावलं. पंचफुलाला आम्ही फुलाच म्हणतो. तिने सुरुवात छान केली म्हणे. पण खोलीत मावशा, काकवा, आत्या, सगळ्या गोळा झाल्या. अजून उजळ कर. अजून कर. गालाला लाव, कपाळाला लाव. ही लावत गेली. थरावर थर चढला, आणि फोटोवाल्याचा फ्लॅश पडल्यावर काय व्हायचं ते झालं. चेहरा ज्वारीच्या पिठासारखा पांढरा, मान आणि हात सावळे. ते फोटो कोणीतरी मोबाइलवर फिरवले. उजळ कर म्हणणाऱ्या मावशाच सगळ्यांत जास्त हसल्या.

फुलाने बारा दिवस शटर उघडलं नाही. तेराव्या दिवशी उघडलं, पण नवरीचं काम बंद. कोणी आलं की म्हणायची, “नवरीचं मी नाई करत. वर्ध्याले जा.” मी जाऊन भांडले.

“तू त्या मावशांचं ऐकलंच काऊन?”

“मोठ्या बाया होत्या मॅडम. मागं उभ्या राहून सांगत होत्या.”

“मग सांगायचं ना, बाहेर व्हा म्हणून!”

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितलं. जाऊ द्या म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी.

यंदा जागृतीचं लग्न ठरलं. मुलगा राकेश, सिंदी मेघेचा. हॉल देवळीतलाच. आणि जागृतीने जाहीर केलं, “माहा मेकअप फुलाताई करणार.” मला काय आनंद झाला! मी लगेच पदर खोचून फुलाला समजवायला निघाले. पहिल्यांदा गेले तर तिचं डोकं दुखत होतं. दुसऱ्यांदा म्हणाली, त्या दिवशी नेमकं गिरडच्या दर्ग्यावर जायचा नवस आहे. ही बाई जन्मात कधी गिरडला गेलेली नाही! मी तिला तासभर व्याख्यान दिलं: स्वतःवर विश्वास ठेव, एका चुकीने माणूस संपत नाही, भीती मनात असते, वगैरे. ती मान डोलवत राहिली आणि कात्री उगाच पुसत राहिली. शेवटी जागृती एकटी गेली आणि दहा मिनिटांत होकार घेऊन आली.

“काय सांगितलं तू तिले?”

“काई नाई. म्हटलं, फोटोत मले मीच दिसाले पाहिजे.”

इथपर्यंत सगळी शहाणी मी होते. आता माझी गोष्ट सांगते, आणि ती सांगताना मला स्वतःचाच राग येतोय.

मी काळी आहे. जागृती माझ्यावर गेलीय. आमच्या बौद्ध लग्नात नवरीला पांढरी साडी असते. माझ्या लग्नात मी पांढऱ्या साडीत उभी राहिले तेव्हा सासरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली होती, “वाळत घातलेल्या चादरीवर कावळा बसला जसा.” सगळा मांडव हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? तीस वर्षांत ते वाक्य मी कोणाला सांगितलं नाही आणि एक दिवस विसरले नाही. लग्न जवळ आलं तसं भाजी निवडताना, हजेरी मांडताना डोळ्यांसमोर रुख्मिणीचे फोटो यायला लागले. आणि एके दुपारी मी वर्ध्याच्या एका मेकअपवालीला फोन केला. म्हटलं, या, असू द्या एक जण हाताशी. फुलाला सांगितलं नाही, जागृतीलाही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

लग्नाच्या दिवशी साडेआठलाच फुला हॉलवर हजर. पेटी उघडून तिने डब्या, ब्रश, स्पंज सगळं ओळीने मांडलं. जागृतीला खुर्चीवर बसवलं, खिडकीचा पडदा सारला आणि आधी नुसती बघत राहिली. मी सवयीप्रमाणे मागे उभी. सुरुवात केली न केली तोच मी म्हटलं, “फुला, जराशी उजळ कर हो. फोटो जन्मभर राह्यते.”

तिचा हात थांबला. आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं. स्पंज हातातून निसटून खाली पडला.

नेमकं तेव्हाच दार वाजलं. चाकाची बॅग ओढत, हातात दिव्याचा स्टँड घेऊन वर्ध्याची बाई आत आली. “कोकिळा मॅडम कोण? नवरीच्या मेकअपसाठी तुम्हीच फोन केला होता ना?”

“आई!” जागृती खुर्चीतच वळली.

मी काहीतरी पुटपुटले. मदतीला बोलावलं, दोघी मिळून करा, असलं काहीतरी. पंचावन्न वर्षांची मास्तरीण, आणि चोरी पकडल्यावर पोरं बोलतात तशी बोलत होते. फुलाने वाकून स्पंज उचलला. एक डबी मिटली. दुसरी मिटली. मला वाटलं, गेली. पुसली पाटी! आणि खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते.

पण ती पेटीकडे गेली नाही. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची तिने उचलली, दाराबाहेर नेऊन ठेवली. परत आली, दुसरी उचलली, तीही बाहेर ठेवली.

“मॅडम, तुमी बाहेर बसा.”

“काय?”

“बाहेर बसा. ताई, तुमी पण बसा, चहा सांगतो.” ती बोलायची थांबली नाही. “तिसरीत मले गणित येत होतं मॅडम. सगळं येत होतं. तुमी मागं येऊन उभ्या राह्यल्या का माहा हात चुकत होता. म्हणून पुसून टाकत होती मी. रुख्मिणीच्या वक्ती पण मागं बायाच बाया होत्या. आज मागं कोणीच नाई पाह्यजे मले. तुमी तं नाईच.”

माझ्यापुढे उभं राहून ती आयुष्यात पहिल्यांदा एवढी वाक्यं सलग बोलली होती. मी जागृतीकडे पाहिलं. ती म्हणाली, “जा ना आई.” मी बाहेर आले. मागे कडी लागली.

बाहेर बसले तर जीव वर-खाली. कडी लावते म्हणजे काय? माझी मुलगी, माझा हॉल! दोनदा उठून दार वाजवलं. कडी काही निघाली नाही. वर्ध्याची बाई बिचारी बॅग पायाशी घेऊन चहा पीत होती. तिने हळूच विचारलं, “यांना नवरीचं काम जमतं ना?”

“जमते म्हणजे?” मी तिच्यावरच खेकसले. “तिचा हात पाह्यला नाई तुमी. अख्ख्या तालुक्यात असा हात नाई. तिसरीपासून पाहून राह्यली मी.”

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. हे वाक्य मी एका परक्या बाईला सांगितलं होतं. फुलाला कधीच नाही. तिला अठ्ठावीस वर्षांत भित्री म्हटलं, बावळट म्हटलं, स्वतःवर विश्वास ठेव म्हणून ओरडले. तुझा हात चांगला आहे, हे साधं वाक्य सांगायचं राहून गेलं. आणि सांगायची वेळ आली तेव्हा मी वर्ध्याला फोन लावला. पदर डोळ्यांना लावला तो निघेचना.

दहा वाजले. सिंदी मेघेची गाडी आली. लग्न लावायला भन्तेजी आले. माझे यजमान बापूराव दोनदा विचारून गेले, “झालं का?” मी दोनदा त्यांच्यावर चिडले. साडेदहाला कडी निघाली.

जागृती दारात उभी होती. पांढरी साडी, केसांत मोगरा. रंग तिचाच होता, म्हणजे माझाच. कुठे लपवलेला नाही, कुठे खरवडलेला नाही. चेहरा, मान, हात सगळं एक. डोळे असे काही उघडले होते की आधी तिथेच नजर जात होती. पांढऱ्या साडीत ती इतकी ठसठशीत दिसत होती की मला ती म्हातारी आठवली, आणि पहिल्यांदाच तिची कीव आली. वर्ध्याची बाई पुढे झाली आणि तिने फुलाला विचारलं, “बेस कोणता घेतला तुम्ही?” फुलाने डबी दाखवली, आणि दोघी काहीतरी बोलायला लागल्या.

मी वाट बघत होते. आता विचारेल, मग विचारेल, ‘बराबर झालं का?’ तिने ब्रश पुसले, डब्यांची झाकणं लावली, हात धुतले. विचारलं नाही. शेवटी मलाच राहवलं नाही.

“फुला, बरोबर झालं गं. तुहा हात पहिल्यापासूनच चांगला आहे.”

“मालूम आहे मले,” ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तुमी रडून रडून काय केलं हे तोंडाचं? फोटोत यायचं आहे ना तुमाले? बसा इथं.”

मी खुर्चीत बसले. ती माझ्या मागे उभी राहिली, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळ्यांखाली काहीतरी लावायला लागली. आरशात मला माझा काळा चेहरा दिसत होता आणि त्यावर तिचा हात, जरासुद्धा न थरथरणारा. बाहेर वंदनेसाठी सगळ्यांना बोलावत होते.

“फुला,” मी विचारलं, “बरी दिसतो का गं मी? खरंच सांग.”

“हालू नका मॅडम,” ती म्हणाली.