झाड दिसलं का थांबजा

वाळत्या मोहफुलांचा आंबूस-गोड वास आला की माझे पाय आजही पेडल शोधतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझा मित्र सुधाकर आणि मी सिंदेवाहीहून मूलकडे सायकलींवर निघालो होतो. जुना रस्ता, दोन्हीकडची झाडं वर एकमेकांत गेलेली. एका मोहाखाली फुलं वेचणाऱ्या बाईनं हाक मारली, "थांबा ना भाऊ, भाजलेला मोह खाऊन जा."

"परततानी थांबतो. घर कुठी हाये, बाई?" सुधाकरनं विचारलं.

ती हसली. "घर काऊन पुसता? हे झाड आमचंच हाये. झाड दिसलं का थांबजा."

परतताना दमून सायकली ट्रकमध्ये टाकल्या. झाड कधी मागे पडलं, कळलंच नाही.

यंदा पुन्हा गेलो. रस्ता रुंद, गुळगुळीत झालाय. कडेला नुसतं ऊन. प्रत्येक वळणावर मी सायकल हळू करत राहिलो, आणि थांबलो मात्र कुठंच नाही.