मुख्य संशोधकाचं नाव

उद्धवचं नाव फोनवर दिसलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. पलीकडचं काही ऐकून न घेता मीच सुरू झालो, "झालं बाबा तुझं ते अर्जातलं खर्चाचं पान, आता तरी शिव्या देऊ नको." पलीकडे कुणी हसलं नाही. मग रेखावहिनींचा आवाज आला. "भाऊजी, हे उठून न्हाई राहिले. जेवून जरा आडवे झाले व्हते... तुमी या." मी म्हणालो, "तोंडावर पाणी मारा." आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या क्षणी एवढंच सुचलं. वहिनी म्हणाल्या, "मारलं." आणि फोन तसाच चालू राहिला. मागे कुणीतरी दार लोटल्याचा, बायकांचा आवाज येत होता.

हिंगोलीहून औंढ्यावरून हट्ट्याला जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला झापत होतो. सकाळीच तर तो माझ्यावर खेकसला होता. सकाळी खेकसणारा माणूस दुपारी नसतो, हे कसं मान्य करायचं? मला अजूनही ते धड मान्य झालेलं नाही. त्याच्या ओसरीवर पोचलो, त्याच्या चपला दाराशी नेहमीसारख्या वेड्यावाकड्या पडलेल्या पाहिल्या, आणि मला वाटलं, आहे की घरात.

उद्धव काय काम करायचा हे त्याच्या गावातही फार लोकांना कळलेलं नव्हतं. सरकार शास्त्रज्ञांना संशोधनासाठी निधी देतं. कुठल्या खात्याची कुठली योजना आहे, ती कधी उघडते, कुणाला चालते, हे आमच्या भागातल्या महाविद्यालयांत कुणाला धड माहीत नसतं, आणि माहीत झालं तर शेवटची तारीख उलटून गेलेली असते. उद्धव हे सगळं शोधायचा, त्यात बसणारा माणूस हेरायचा आणि अर्ज जाईपर्यंत त्याच्या मानगुटीवर बसायचा. दिल्लीत अशाच एका निधी देणाऱ्या कार्यालयात त्यानं बरीच वर्षं काढली होती. आईचं दुखणं निघालं म्हणून तो परतला. गावात लोक विचारायचे, "येवढी नोकरी सोडून पोरगं वापस काहून आलं?" तो म्हणायचा, शेती करायला. शेती करायचाही, वाईट करायचा. मला मात्र एकदा तो म्हणाला होता, "आपल्याकडचे अर्ज तिथं कुणी वाचतच न्हाई रे. पहिल्याच चाळणीत गळतात. काम चांगलं असतं, अन् गळतं कशानं, तर फालतू कारणानं."

मोटारसायकल घेऊन तो जिल्हाभर फिरायचा. कॉलेजच्या व्हरांड्यात तो दिसला की प्राध्यापकांची पांगापांग व्हायची. वसमतच्या एका प्राध्यापकानं हळदीच्या कंदकुजीवर फार चांगलं काम करून कपाटात ठेवलं होतं. उद्धव आला की हा मागच्या फाटकातून पसार. मग उद्धवनं एके दिवशी सरळ त्याचं घर गाठलं. हा घरी पोचला तर साहेब स्वयंपाकघरात पोहे खात बसलेले आणि याच्या आईला सांगताहेत, "मावशी, तुमचं लेकरू हुशार हाय, पण हुशारी कुलुपात ठेवून राहिलं." पुढचे पंधरा दिवस त्या माउलीनं मुलाला जेवताना दुसरं काही बोलू दिलं नाही. तो प्रकल्प मंजूर झाला. उद्धवच्या अंत्ययात्रेत त्या प्राध्यापकानं खांदा दिला, आणि परत येताना रस्त्याच्या कडेला बसून तो लहान मुलासारखा रडला.

स्वतः मात्र तो कुणाच्या अर्जात एक ओळ लिहायचा नाही. "मी लिवलं तर ते माझं होईल. तुझं तू लिव्ह." समोर बसून ऐकायचा, डोळे मिटायचा. झोपला वाटून आपण थांबलो की म्हणायचा, "बोल, ऐकून राहिलो मी." मला याचा भयंकर राग यायचा. एम.एस्सी.पासूनचा मित्र, दोन वाक्यं दुरुस्त करून दिली असती तर काय झिजला असता?

माझा प्रकल्प सिद्धेश्वर धरणातल्या माशांचा. इथले मूळचे मासे कुठले उरलेत, जाळी रिकामी का येऊ लागलीत, असा. लिहून झाला तेव्हा मी मोठ्या ऐटीत उद्धवपुढे ठेवला. त्यानं पहिलंच पान पाहिलं आणि चष्मा काढला. मुख्य संशोधक म्हणून मी आमचे विभागप्रमुख नानासरांचं नाव टाकलं होतं. कामाशी सरांचा काही संबंध नव्हता, पण आमच्याकडे हे असंच करतात. लग्नाच्या पत्रिकेत वडीलधाऱ्यांची नावं वर येतात ना, तसं. त्यात लाचारी नसते, रीत असते, आणि रीत म्हणून कुणी विचारही करत नाही.

"हे काहून?" उद्धव म्हणाला.

"सर आहेत ते. त्यांच्या वर माझं नाव बरं दिसेल का?"

"सर पुढच्या वर्षी रिटायर होऊन राहिले. प्रकल्प तीन वर्षांचा हाय. मुख्य संशोधकाची तेवढी नोकरी शिल्लक लागते. उघडून बघतील अन् बाजूला ठेवतील. मासे-बिसे कुणी वाचणार न्हाई."

मी म्हटलं, विभागप्रमुख म्हणून सरांची सही तर लागणारच, मग वर माझं नाव असेल हे तूच सांग त्यांना, तुझं ते ऐकतात. उद्धव सरांचा लाडका होता. मी हिंगोलीत येण्याआधी तो त्यांच्याच हाताखाली तासिकांवर शिकवत होता, आणि दर दसऱ्याला न चुकता सोनं द्यायला त्यांच्या घरी जायचा. तर हा एकदम तुटक आवाजात म्हणाला, "मी न्हाई सांगणार. तुझा अर्ज हाय, तू सांग." इतका तुटक की मला लागलंच ते. मग रोज सकाळी फोन, "सांगितलं का?" माझी जीभ काही रेटेना. त्या दिवशीही सकाळी त्यानं तेच विचारलं, आठवडाच राहिला म्हणून खेकसला, मी "आज सांगतो म्हटलं ना" म्हणून फोन ठेवला... आणि दुपारी वहिनींचा आवाज.

तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक घरी परतले तेव्हा ओसरीवर बसायला जागा उरली नाही. परभणीचे, वसमतचे, कळमनुरीचे प्राध्यापक, कृषी संशोधनातले दोघे-तिघे, आमचे नानासर, सगळे भिंतीला टेकून गप्प. प्रत्येकाच्या पोटात अर्धवट अर्ज होता आणि त्याबद्दल बोलायची प्रत्येकाला लाज वाटत होती. वहिनींनी आतली खोली उघडली. इतक्या वर्षांत मी तिथं कधी गेलो नव्हतो. आमची बैठक कायम ओसरीवरच.

आत भिंतीतल्या फळीवर काचेच्या बरण्या होत्या. बरण्यांत नदीतले शिंपले, मोठे, लहान, काळपट, हिरवट, आणि प्रत्येक बरणीला पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली. नानासर त्या फळीपुढे जाऊन उभे राहिले ते हलेचनात. मला वाटलं चक्कर आली. मी खुर्ची पुढे केली. ते बसले आणि बरण्यांकडे बघतच म्हणाले, "हे त्याचंच काम. पूर्णेतल्या शिंपल्यांचं. अर्ज केला व्हता त्यानं. तरुण संशोधकांसाठीची योजना व्हती, वयाची अट व्हती. त्यानं मुख्य संशोधक म्हणून माझं नाव टाकलं. आदरानं. मी त्या वयात बसत नव्हतो."

सरांनी हात लांबवून एका बरणीवरची सुटत आलेली चिठ्ठी बोटानं दाबून बसवली.

"सही करताना मला दिसलं ते. नियम वाचला न्हाई, पण नाव दिसलं. बरं वाटलं, खोटं काहून बोलू? अर्ज वापस आला. पुढच्या साली योजना निघालीच न्हाई, तासिकांवर पोट चालंना, पोरगं दिल्लीला गेलं. मला एका शब्दानं बोललं न्हाई."

मी सुन्न झालो. तीन दिवसांत दुसऱ्यांदा. त्या काळात मी उद्धवला विचारलं होतं, अर्जाचं काय झालं; "नियमात बसलं न्हाई" एवढंच तो म्हणाला होता. सरांचा मला राग आला, आणि सरांपेक्षा उद्धवचा आला. दर दसऱ्याला यांच्याच पाया पडायला जात होतास? आणि मला मात्र रोज सकाळी, "सांगितलं का?" कारण तेव्हा त्याला स्वतःलाच सरांना हे सांगता आलं नव्हतं. माझ्याकडून ते होईपर्यंत तो सोडणार नव्हता. हे त्याला विचारायला आता जागाच नाही, याचा धक्का त्याच्या जाण्याइतकाच मोठा बसला.

"सर," मी म्हणालो, "माझ्याही अर्जात तुमचं नाव वर आहे."

"मला विचारलं व्हतंस?"

"नाही सर."

"त्यानंबी न्हाई विचारलं." सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "काढ. मी बसलोय इथं. माझ्यासमोर काढ."

लॅपटॉप पिशवीत होता, पण राख सावडलेल्या घरात तो उघडायचा? पाहुणे बघत होते. मी घुटमळलो. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उघडा भाऊजी. त्यांना ते बघायचं व्हतं." मी उघडला. नाव खोडायला काही सेकंद लागतात. त्या जागी मी माझं नाव लिहिलं. सरांनी मान डोलावली आणि तोंडाला उपरणं लावलं. मग कोपऱ्यातून कळमनुरीचे एक जण हळूच म्हणाले, "माझ्याबी अर्जात प्राचार्यांचं नाव हाय..." आणखी दोघांनी पिशव्यांत हात घातले.

अर्ज वेळेत गेला. निकाल यायचा आहे, येईल तेव्हा येईल. दर रविवारी आम्ही काही जण त्या आतल्या खोलीत जमतो, एकमेकांचे अर्ज ऐकतो, वहिनी चहा देतात. वाचता वाचता कुणी अडखळून थांबलं की सगळे गप्प होतो, कारण तिथं डोळे मिटल्या मिटल्या कुणीतरी "बोल" म्हणायचं असतं... मग वाचणाराच पुढे वाचू लागतो. माझ्या समोरच ती फळी असते. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मी आता सगळ्या वाचल्या आहेत. ठिकाण, पाण्याची खोली, शिंपल्याची जात आणि शेवटी गोळा करणाऱ्याचं नाव. प्रत्येक चिठ्ठीवर एकच नाव आहे, उद्धव. त्याच्या वर कुणाचंही नाव नाही.