काउंटरवरचं ताट

पैसे घेताना वैनी तोंड फिरवायच्या. खिडकीकडे, तुळशीकडे, काही नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. ताटात विडा, सुपारी, दोन केळी, आणि पानांखाली नोटा. ते सगळं पदरात घेऊन म्हणायच्या, "तुमच्या मनाला आलं ते खूप झालं."

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं आता मोजून दहा-बारा. मुलं तमिळमध्येच भांडतात. मराठी कळतं, बोल म्हटलं की हसतात. पण श्राद्ध असो, बारसं असो, चुलीपाशी वैनीच. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण अख्ख्या गल्लीच्या वैनी, म्हणून मीही अहो-जाहो करायची. मला त्या अक्का म्हणायच्या. देवापितरांच्या स्वयंपाकाचा भाव सांगायचा नाही, दिलेलं मोजायचं नाही, हा त्यांच्या सासूनं घालून दिलेला नेम.

मी एकदा चिडवलं, "आणि वैनी, एखाद्यानं नुसता विडाच दिला तर?"

"मग पान तरी कोवळं असावं, अक्का. चुना मी घरचा लावीन."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण कौतुक करतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतो.

त्यांचे यजमान सायकली दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी तिरुवैयारूहून मोपेडवर येताना कालव्याच्या वळणावर पडले. डोक्याला मार. रस्त्यावरच्या लोकांनी उचलून जवळच्या खासगी इस्पितळात नेलं, ऑपरेशन झालं, जीव वाचला. सरकारी विम्याचं कार्ड वैनींच्या डब्यात होतं, पण ते इस्पितळ यादीत नव्हतं. घरी न्यायचं म्हणा की सरकारी इस्पितळात हलवायचं म्हणा, आधी बिल भरा. भरत नाही तोवर खाटेचं भाडं रोज चढतंच. दहाव्या दिवशी आकडा झाला तीन लाख साठ हजार.

वैनींनी बांगड्या विकल्या. मी सोबतीला गेले होते. तिथून इस्पितळात आलो. बिलाच्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून त्यांनी पिशवीतून स्टीलचं ताट काढलं. पानं मांडली, सुपारी, हळकुंड, आणि खाली नोटा.

"वैनी, हे काय करता?"

"रिकाम्या हातानं कसं द्यायचं, अक्का? जीव वाचवलाय त्यांनी."

मागे रांग लागलेली. ताट पुढे करून काउंटरवरच्या पोरीला त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "माझ्याकडून होतं ते एवढं, अम्मा. मनात काही ठेवू नको." आणि तोंड फिरवलं.

ती पोरगी माझ्या नातीएवढी. ताट समोर आल्याबरोबर खुर्ची मागे सारून उभी राहिली. ओढणीला हात पुसले आणि दोन्ही हातांनी ताट घेतलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर मला वाटलं, झालं काम.

मग ती खाली बसली आणि नोटा मशीनमध्ये घातल्या. हळद लागलेली एक नोट मशीननं दोनदा परत फेकली.

"एक लाख बारा हजार. बॅलन्स कधी, अम्मा?"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "किती आहेत ते ठाऊक तरी होतं का तुम्हाला?"

"मोजून कसं देऊ?" वैनी म्हणाल्या. बसचे पैसेसुद्धा त्या ताटातच गेले होते. त्या दिवसाच्या इंजेक्शनची चिठ्ठी तशीच हातात. इंजेक्शन मी आणलं.

मग मी घरोघर फिरले. वैनी काही आल्या नाहीत. "मागू नका हो अक्का. मला पुन्हा त्यांच्या चुलीपाशी उभं राहायचंय."

कोपऱ्यावरच्या घरातले बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ म्हणाले, "आम्ही दर खेपेला देतच आलोय की."

"किती?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "पाचशे. मी या घरात आले तेव्हाही पाचशेच."

मला हसू आलं. हसतच घरी आले, पायातली चप्पल काढली, आणि आठवलं. माझ्या सासूबाईंचं श्राद्ध. चौदा पानं. वैनी उजाडायच्या आत ओल्या लुगड्यानं यायच्या, दुपारी तीनला जेवायच्या. मीही पाचशेच देत होते, दर वर्षी.

सगळ्या घरांचे मिळून सत्तर हजार जमले. इस्पितळाच्या मॅनेजरनं बिलातून थोडे कमी केले. माणूस वाईट नव्हता. राहिले दीड लाख. "काम काय करता?" त्यानं विचारलं. मी सांगितलं, स्वयंपाक. तो म्हणाला, "कँटीनला माणूस हवाच आहे. निम्मा पगार बिलात कापू. पेशंटला आज घरी न्या. पगार किती घ्याल?"

वैनी खिडकीकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "अठरा हजार." तो म्हणाला, "चौदा." पंधरावर ठरलं. वैनींच्या हाताला भाव लावायची वेळ आली ती माझ्यावर, आणि मी तीन हजार सोडून आले. वैनींनी तमिळमध्ये सही केली, साक्षीदार म्हणून खाली मी.

यजमान घरी आले. बोलणं अडखळायचं, उजवा हात उचलत नव्हता. पहाटे त्यांचं सगळं आवरून वैनी सहाच्या बसनं कँटीनला जायच्या. रविवारी दिसल्या तर म्हणायच्या, "तिथं एका दमात दोनशे इडल्या लावतात, अक्का. कुणाच्या नावानं लावायच्या तेच कळत नाही."

चार महिन्यांनी यजमान झोपेतच गेले. तेराव्याचा स्वयंपाक आम्ही चौघींनी केला. सांबार करपलं, पोळ्या चामड्यासारख्या. वैनी निमूट जेवल्या. हात धुताना मला हळूच म्हणाल्या, "डाळ जरा आधी भिजवायची."

चौदाव्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघालेल्या दिसल्या. मी बसथांब्यापर्यंत गेले. बिलाचं अजून सोळा महिन्यांचं कापणं बाकी होतं.

"वैनी, माणूसच राहिला नाही. आता नाही गेलात तर कोण घर शोधत येणार आहे?"

"इस्पितळानं ह्यांना घरी पाठवलं ना, अक्का. हे चार महिने माझ्या हातचं जेवले."

बस आली. दारातच भाजीच्या टोपल्या आणि बायका. आतून कुणीतरी हात दिला, वैनींनी तो धरला आणि त्या चढल्या.