मोटार आली आणि आपण पाठ फिरवली

पोलादपूरकरांनो, साहेबलोकांची मोटार आली की आपण रस्ता सोडतो, वर त्यांची धूळही खातो. ती डोळ्यांत जाऊ नये म्हणून पाठ फिरवतो. आज कुणीतरी याचाच फायदा घेतला, असा माझा संशय आहे.

सकाळी आंबेनळी घाटात सायकलींची शर्यत झाली. जिंकणाऱ्याला मुंबईची सायकल कंपनी पगारी स्वार म्हणून ठेवणार होती. मी मधल्या वळणावर होतो. आपला धोंडू सर्वांच्या पुढे गेला. कंपनीच्या मर्जीतला गडी खालच्या वळणावर धापा टाकत होता. मग कंपनीची पडदे लावलेली मोटार वर गेली. तो गडी माझ्यासमोरून गेलेला मला दिसला नाही, तरी माथ्यावर पहिला तोच.

पंच म्हणतात, तो मोटारीमागच्या धुळीतून गेला.

शेजारी उभ्या गंगूकाकूंना विचारलं, "काकू, मोटारीत कोण होतं?"

"मला काय ठाव? माझ्या तोंडावर पदर होता. तू एवढी भाषणं ठोकतोस, तू कुठं बघत होतास रे?"

मीही डोंगराकडे तोंड करून उभा होतो.

उद्या दुपारी महाडला निकाल पक्का होईल. खालच्या वळणावर ती मोटार थांबलेली ज्याने पाहिली असेल, त्याने सकाळी माझ्याबरोबर चलावं आणि पंचांसमोर तेवढंच सांगावं.