अंधारातली गळती

थिनरचा वास आला की प्रेमला रणपिसे यांना मळमळायला लागायचं. घरात रंगकाम निघालं की त्या सरळ वारज्याला बहिणीकडे राहायला जात. लोकांना वाटे ॲलर्जी असेल. ॲलर्जी कसली, ती किळस होती, आणि ती हडपसरच्या एका कारखान्यातून त्यांच्यामागे आली होती.

नाना पेठेत राहणाऱ्या एका पोस्टातल्या कारकुनाची ही मुलगी. वडिलांनी छप्पन सालानंतर लगेचच धम्म स्वीकारला, तेव्हापासून घरातून नवसबिवस गेले आणि शिक्षण तेवढं उरलं. प्रेमला विद्युत अभियांत्रिकीला गेली तेव्हा वर्गात दोनच मुली होत्या. ‘कोट्यातली’ हा शब्द चार वर्षं तिच्या पाठीमागे कुजबुजत फिरला. त्यातून तिला एक सवय जडली. कुठलाही आकडा तीनदा मोजल्याशिवाय ती कागदावर उतरवत नसे.

शहाऐंशी साली ती रावसाहेबांच्या कारखान्यात संशोधन विभागात लागली. रावसाहेब हडपसरचेच बागायतदार. उसाच्या रानात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना उभारला होता, आणि त्या काळी त्याचं गावाला केवढं अप्रूप! प्रेमलाकडे काम होतं सिलिकॉनच्या मसुराएवढ्या तुकड्याचं. त्यावर उजेड पडला की त्यातून वीज वाहते. रुग्णाच्या बोटातून उजेड पलीकडे सोडून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रात तो बसतो. अडचण एकच होती. अंधारातसुद्धा त्यातून थोडी वीज गळायची, आणि अशक्त रुग्णाचा क्षीण इशारा त्या गळतीत बुडून जायचा.

ती गळती कमी करण्यात प्रेमलाची सात वर्षं गेली. भट्टीचं तापमान बदलून झालं, तुकड्याच्या कडेनं संरक्षक कडं आखून झालं. कितीक तुकडे नुसते कचऱ्यात गेले. कुसुम नावाची गावातलीच एक कामगार सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक सोन्याची तार जोडून द्यायची. तिचा हात असा स्थिर, की प्रेमला तिच्या रजा कधी ते विचारूनच प्रयोगाची तारीख ठरवायची. बारा नॅनोअँपिअरवर असलेली गळती तीनावर आली त्या दिवशी कुसुम म्हणाली, “बाई, आता दोनावर आणा. तवर मी काय रजा घेत न्हाय.”

तोवर बाजार खुला झाला होता. परदेशी तुकडे खोक्यांनी येऊ लागले. प्रेमलानं ते तीनदा मोजले. गळती एकाच्याही खाली, आणि वर स्वस्त. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच रावसाहेबांकडे गेली.

“साहेब, त्यांचा माल आपल्यापेक्षा सरस आहे. भट्टी बंद करायची तर करा. मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही.”

“भट्टी बंदच करायचीय,” रावसाहेब म्हणाले. “विभाग नाही. संशोधन चालतं म्हणून सरकारची सवलत मिळते. तुम्ही आपल्या बसून राहा, बाई. पगार चालू.”

ती बसून राहिली. आठ महिने. पुढे कधी हा विषय निघालाच तर प्रेमलाबाई म्हणत, “रावसाहेबांची शिसारी नंतर आली. आधी माझीच आली होती.”

एक दिवस कुसुम जागेवर दिसेना म्हणून प्रेमला तिला शोधत मागच्या शेडमध्ये गेली. दारातच थिनरचा भपकारा नाकात गेला. सहा बायका वाट्यांमध्ये चिंध्या बुडवून परदेशी तुकड्यांवरची नावं पुसत होत्या. पलीकडच्या टेबलावर त्याच तुकड्यांवर रावसाहेबांच्या कंपनीचं नाव उमटवलं जात होतं. कुसुमची बोटं पांढरी पडून उलली होती.

“बाई, आत नका येऊ, लई वास हाय.”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“अनिरुद्ध सायबांनी. परवा दिल्लीची कमिटी येनार हाय न्हवं, संशोधन तपासाया? तुमचंच नाव व्हनार हाय म्हनं.”

अनिरुद्ध म्हणजे नवा मॅनेजर, अमेरिकेत शिकून आलेला. त्यानं प्रेमलासमोर कमिटीला द्यायचा अहवाल ठेवला. आत एक आलेख होता. पहिला ठिपका बाराचा, मग तीनाचा, दोन्ही तिचे, खरे. शेवटचा ठिपका परदेशी तुकड्याचा, आणि तिन्हींतून ओढलेली एक गुळगुळीत रेघ. खाली सहीसाठी जागा. तिचे खरे आकडे त्यांनी खोट्याला चढायला शिडी म्हणून लावले होते.

“मॅडम, इमोशनल होऊ नका,” अनिरुद्ध म्हणाला. “रीपॅकेजिंगपण व्हॅल्यू ॲडिशनच असतं ना? सगळे करतात.”

“सगळे रस्त्यात थुंकतात,” प्रेमला म्हणाली. “म्हणून मी थुंकू?”

तिनं सही केली नाही.

कमिटीचे तिघे आले. हार झाले, काजूकतली झाली. त्यांच्यातल्या वयस्कर प्राध्यापकांनी तुकडा हातात घेऊन विचारलं, “गळती एकाखाली कशी आणलीत?”

“मी नाही आणली,” प्रेमला म्हणाली. “माझी तीनावर थांबली. हे विकत आणलेत. परवा मागच्या शेडमध्ये त्यांची नावं पुसली.”

रावसाहेब हसले. “आमच्या बाई फार विनोदी.” बाकीचे दोघेही हसले. प्राध्यापकांनी तुकडा बशीत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि प्रेमलाकडे न बघता म्हणाले, “चला, भट्टी बघू या.” भट्टी आठ महिने थंड पडलेली, त्या दिवसापुरती पेटवलेली. तिच्या पायांमधलं कोळ्याचं जाळं झटकायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. तिघांनी ती पाहिली आणि छान म्हणाले.

प्रेमलानं त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. महिन्याभरानं कुणीतरी तिला कमिटीच्या शेऱ्याची प्रत आणून दिली. त्यात लिहिलं होतं: श्रीमती रणपिसे यांच्या नेतृत्वाखालील संशोधन प्रशंसनीय. आपलं नाव काढा म्हणून तिनं दिल्लीला दोनदा रजिस्टर्ड पत्रं पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही.

शेडमधली गोष्ट फोडली म्हणून कुसुमला कामावरून काढलं. हे कळल्यावर प्रेमला तिच्या घरी गेली. कुसुम म्हणाली, “जाऊ द्या, बाई. हाताची सालं तरी निघायची थांबली.” त्या वाक्यानं प्रेमलाला दिलासा मिळायला हवा होता. तो मिळाला नाही.

पुढे शहरभर सॉफ्टवेअरचं वारं सुटलं. कॉम्प्युटर शिका, म्हणून सगळे मागे लागले. प्रेमलाबाई एका तंत्रनिकेतनात शिकवायला गेल्या. पहिल्याच प्रात्यक्षिकाला वीस वह्यांत दशांशापर्यंत एकसारखे आकडे. मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले! त्यांनी वीसही वह्या परत केल्या.

शेफाली नावाची एक मुलगी घाबरत म्हणाली, “मॅडम, पण आमचं मीटरच बिघडलेलं आहे. रीडिंग चुकीचं येतं.”

“मग चुकीचं लिही. आणि शेजारी लिही, मीटर बिघडलंय.”

“मार्क जातील ना?”

“जातील,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

मुलं प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेली. शेफाली तेवढी मागे राहिली आणि मीटरचं झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर शोधू लागली.