शेजारणीची भाषा कुणाची लेक?

मी चौथीपर्यंत शिकले. त्यामुळे आमच्या बी विंगमधल्या निवृत्त मास्तरांनी सोसायटीच्या हॉलमध्ये भाषण केलं आणि संस्कृत ही सगळ्या भाषांची आई असं सांगितलं, तेव्हा मला ते खरंच वाटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. शेजारी बसलेली मामी मात्र उठून घरी गेली. मामी म्हणजे माझी समोरच्या दारातली तमिळ शेजारीण. मुलुंडच्या या इमारतीत आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो, त्याला चाळीस वर्षं झाली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. लिफ्टमध्ये भेटली की भिंतीकडे बघायची. दोघींची मुलं लांब. दिवसभर बोलायला मला ती आणि तिला मी, दुसरं कुणी नाही. पाचव्या दिवशी मी तिची बेल वाजवली.

“काय झालं गं तुला? मास्तर बोलले, मी नाही बोलले.”

“तू टाळी वाजवलीस.”

“सगळ्यांनी वाजवली.”

“सगळे माझे कोण लागतात?”

“अगं, पण रोज सकाळी तू संस्कृतातली स्तोत्रं म्हणतेस. माझ्या बाथरूमपर्यंत ऐकू येतात.”

“देवासाठी म्हणते. म्हणून ती माझ्या भाषेची आई झाली काय?”

आणि दार लावलं.

मला काही कळेना. माझी स्वतःची गोष्ट तर आणखी विचित्र. मी घरी मालवणी बोलायचे. गावच्या शाळेत ‘खय’ म्हटलं की बाई छडी मारायच्या, ‘कुठे’ म्हण म्हणायच्या. मालवणीही संस्कृतच्याच घरातली नात असेल, तर मला मार कशाला दिला?

मी मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, पाचपर्यंत संस्कृतात मोजा. त्यांनी मोजलं, एकम्, द्वे, त्रीणि, चत्वारि. आपल्या एक-दोन-तीन-चारशी बरंच जुळलं. मामीची मोजणी मला पाठ आहे, ती कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. ओण्णु, रेंडु, मूणु, नालु. यातल्या एकाचाही चेहरा संस्कृताशी जुळेना. म्हणजे मामीचं बरोबर, असं ठरवत होते, तेवढ्यात मास्तर म्हणाले, पंच. मामीचं पाच म्हणजे अंजु. आता पंच आणि अंजु नातेवाईक, की नुसते सारखे दिसणारे?

“बघा, सापडलं ना!” मास्तर खूश झाले.

“एक सापडला. चार नाही सापडले.”

ते म्हणाले, हजारो वर्षांत शब्द बदलतात. बदलत असतील. पण मग कुठलाही शब्द कुठूनही आला म्हणता येईल की. माझं डोकं दुखायला लागलं.

परत मामीकडे गेले. “चार तुझ्या बाजूचे, एक मास्तरांच्या. मला ठरवता येत नाही.”

“मतदान घेतेस काय?”

“तुझी भाषा कुणाची लेक ते मला माहीत नाही. माहीत नसताना टाळी वाजवली, ते चुकलं.”

“हे हॉलमध्ये बोलशील? सगळ्यांसमोर?”

पुढच्या रविवारी मास्तर परत बोलले, तेव्हा मी उभी राहून तेवढंच बोलले. कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर हसले, म्हणाले, “आजींना विषय समजलेला नाही.” ते खरंच होतं. पण मामी जी चिडली त्यांच्यावर! घरी पोचेपर्यंत मास्तरांना नावं ठेवत होती, आणि चहा गाळतानासुद्धा.